सी ब्लॉककडे गारांची शक्यता

मयूर विहार, फेज एक, दिल्ली
बुधवार, ३ जून १९९८

तीर्थस्वरूप राजाभाऊंना,

दिल्लीच्या भट्टीतून गुणवंताचा वाकून नमस्कार. (वाकलो तसा कपाळावरचा घाम कागदावर पडला, म्हणून तुमचं नाव थोडं फुगलं आहे. ते अश्रू नव्हेत.)

हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते टेबल मी स्वतःच्या हातांनी केलेलं आहे. उजवीकडे खडखडतो आहे तो कूलरही माझाच. पत्रा जुन्या कपाटाचा, पंखा जुन्या बाजारातला, पाणी सोडायची नळी सलाईनची (न वापरलेली). टेबलावरचा दिवा, वीणाचं पुस्तकांचं फडताळ, दारावरची दोन सुरांची घंटा, सौ. सरलेचा पोळपाट, हे सगळं घरचं. आणि गेल्या दोन वर्षांत सी ब्लॉकच्या गच्चीवर उभं केलेलं हवामान केंद्र तर खिळ्यापासून माझं आहे. त्यात चारी बाजूंनी झडपा असलेली पांढरी पेटी (लाकूड तुम्ही दरवर्षी पाठवता त्या आंब्याच्या पेट्यांचं, एका फळीवर अजून तुमचा पत्ता वाचता येतो), तिच्यात तापमापक, वनस्पती तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा वातकुक्कुट, नरसाळं आणि बाटली यांचं पर्जन्यमापक, आणि लोणच्याच्या बरणीवर फुग्याचं रबर ताणून केलेला वायुभारमापक. त्याचा काटा म्हणजे केरसुणीची एक काडी. हे शिकायला मी कुठल्याही संस्थेत गेलो नाही. मॅट्रिक झाल्यावर शाळेची पायरी पुन्हा चढलो ती थेट वीणाच्या प्रवेशासाठी.

हिंदीही अशीच शिकलो. बावीस वर्षांपूर्वी मंत्रालयातली नोकरी लागून दिल्लीला निघालो, तेव्हा तुम्ही रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर हिंदीची तीन पुस्तकं माझ्यापुढे धरली होती, आणि भाषा कानाने येते, पुस्तकाने नव्हे, असं मी तुम्हाला म्हणालो होतो. तुम्ही हिंदीचे शिक्षक, बायकोचे थोरले भाऊ, लग्नाला तर वर्षही झालं नव्हतं. तरी तुम्ही पुस्तकं पिशवीत परत घातलीत. तो प्रसंग आज का आठवला ते शेवटी येईल.

तुमचा गुडघा कसा आहे? चंद्रप्रभावहिनींनी फणसपोळ्या उन्हात घातल्या असतील. इकडे सर्वांच्या प्रकृती उन्हाळ्याच्या मानाने ठीक आहेत. वीणाचा मागच्या आठवड्यात दोनदा घोळणा फुटला, आता बरी आहे. माझ्या पाठीवर घामोळं आहे, पण ते नियमित आहे. सौ. सरलेला मात्र शनिवारपासून हसण्याचा त्रास होतो आहे. पोळी लाटताना, देवापुढे बसल्यावर, कधीही अचानक सुरू होतं आणि पदर तोंडात कोंबूनही थांबत नाही. काळजीचं कारण नाही. उद्भव कसा झाला ते सविस्तर कळवतो, कारण तिच्या पत्रातून तुम्हाला निराळंच काही कळण्याचा संभव आहे.

यंदा दिल्लीत मे महिना नेहमीसारखा नव्हता. तुम्हा कोकणातल्या मंडळींना उकाडा माहीत आहे, लू माहीत नाही. उकाड्यात माणूस शिजतो, लूमध्ये भाजतो. एवढाच फरक, पण शिजलेल्याला भाजलेल्याचं दुःख कळत नाही. सकाळी नऊला पश्चिमेचा वारा सुटतो तो संध्याकाळी सातपर्यंत भडभुंज्याच्या कढईवरून आल्यासारखा येतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी तीनला थेट चहाला वापरता येईल इतकं तापतं (मी वापरून पाहिलं, चहाला गंजाची चव येते). रेडिओवर तापमान पंचेचाळीस सांगितलं त्या दिवशी माझ्या पेटीत साडेशेहेचाळीस होतं. रेडिओ खोटं सांगतो असं मी म्हणत नाही. त्यांचा आकडा त्यांच्या जागेचा. पण आपण राहतो मयूर विहारात, आणि यमुनेच्या या बाजूला काय होणार आहे हे या बाजूच्या माणसाने सांगायला नको का? म्हणून मी रोज सोसायटीच्या फाटकापाशी फळ्यावर खडूने दिवसाचा अंदाज लिहितो. हिंदीत. कोणाकडून तपासून न घेता.

दुर्दैवाने महिनाभर लिहिण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे आजही कालच्यासारखंच. त्यावर आमचे सेक्रेटरी दीनानाथ कौल (आडनाव कौल असलं तरी त्यांच्या डोक्यात शिरलेलं काही गळत नाही) एकदा फळ्यासमोर सगळ्यांदेखत म्हणाले, "गुणवंतजी, मई में गरमी होगी, ये तो मेरा तोता भी बता देगा. और वो जगह भी कम घेरता है." जागेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सोसायटीत पाण्याची ओरड आहे, सी ब्लॉकच्या गच्चीवर आणखी एक टाकी बसवायची आहे, आणि टाकी बसवायला सर्वांत सोयीची जागा नेमकी माझ्या केंद्राची. रविवारी ३१ मे रोजी सभा ठेवली होती. कौलसाहेबांनी मला आधीच सांगून ठेवलं, की सभेपर्यंत या डब्या-बाटल्यांची एक तरी गोष्ट कोणाच्या उपयोगी पडली असेल तर दाखवा, नाहीतर सोमवारी भंगारवाला येईल. भंगारवाला हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मी त्या रात्री जेवलो नाही (सरला म्हणते अर्धी पोळी खाल्ली, तिचं बरोबर आहे).

आता शनिवार, ३० मे. सुटीचा दिवस. सकाळपासून लक्षणं वेगळी होती. वारा पश्चिमेचा होता तो अकराच्या सुमारास पडला आणि पूर्वेकडून दमट झुळूक यायला लागली. बरणीवरची काडी खाली-वर व्हायला लागली. एकला रेडिओवर हिंदी बातमीपत्रात दिल्ली आणि आसपासच्या भागाचा अंदाज सांगितला: धूलभरी आँधी, गरज के साथ छींटे, कहीं-कहीं ओले पड़ने की संभावना. मी तेव्हाच सरलेला म्हणालो, हे यांचं ढिसाळ काम. ओले पडणार म्हणे! अहो, आभाळातून जे पडेल ते ओलंच असणार. काय पडणार ते सांगा की. सरला आमटीला फोडणी देत होती, तिने ऐकलं नाही.

आणि दीड वाजता पानिपतहून शशिकांतचा फोन आला. शशिकांत म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळातला, तिथे बँकेत असतो, आणि महाराष्ट्रातून कोणी काला अंबचं युद्धस्मारक बघायला आलं की त्यांना रिक्षात घालून नेऊन आणतो. दिल्लीकडे येणारी आँधी वायव्येकडून येते, म्हणजे पानिपतावरून. म्हणून मी त्याला उत्तर विभागाचा निरीक्षक नेमला आहे. तो ओरडून सांगत होता, "अहो गुणवंतराव, इथे अंधार झाला, आणि गारा! सुपारीएवढ्या गारा! वाटीत भरून ठेवल्यात! आता तुमच्याकडेच निघाल्यात!" राजाभाऊ, पानिपताहून निघालेला निरोप मराठी माणसाला वेळेवर पोचला असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. माझ्या अंगावर काटा आला (घामोळ्यामुळे तो नीट उभा राहिला नाही). चार वाजेपर्यंत गारा मयूर विहारात. वायव्येचा कोपरा सी ब्लॉकचा, म्हणजे पहिला मारा तिकडे. मी उन्हातून धावत फाटकाशी गेलो आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"आज का अंदाज. शाम चार बजे आँधी. गारा गिरने की पूरी संभावना, सी ब्लॉक की तरफ ज़्यादा. गाड़ियाँ, खाटें और बच्चे हटा लें. गुणवंत."

इथे तुम्ही चष्मा काढून कपाळाला हात लावला असेल. तो खाली घ्या आणि पुढचं वाचा. हिंदीत गारा म्हणजे विटा सांधायचा आणि भिंतीला लिंपायचा माती-चुन्या-सिमेंटचा काला, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांत माझ्यासमोर तो शब्द कोणी उच्चारला नाही. मी सरकारी नोकर. आमच्याकडे भिंती बांधतात ते दुसऱ्या खात्याचे लोक. आणि सी ब्लॉकच्या बाल्कन्यांना गेल्या हिवाळ्यातच नवं प्लास्टर झालं होतं. ठेकेदार भसीन. प्लास्टर पोकळ वाजतं अशी कुजबुज तेव्हापासून होती, पण कोणी फळ्यावर लिहिलं नव्हतं. आता शनिवारच्या भर दुपारी मी लिहिलं, वेळेसकट, सहीसकट.

लिहून मी गच्चीवर गेलो आणि पेटीच्या सावलीत बसून राहिलो. खाली बघतो तो काय! सी ब्लॉकमधून माणसं पळत येत होती. गाड्या हलत होत्या. खाटा उचलल्या जात होत्या. चौकीदार दोरी बांधून रस्ता अडवत होता. चौथ्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मीबाई, ज्या माझ्या पेटीशेजारी तांदळाच्या कुरड्या वाळत घालतात आणि माझा वातकुक्कुट त्यांच्यावर सावली पाडतो म्हणून माझ्याशी बोलत नाहीत, त्यासुद्धा नवऱ्याकरवी आपली पांढरी मारुती पार डी ब्लॉकपर्यंत ढकलवत होत्या. राजाभाऊ, दोन वर्षांत माझ्या अंदाजावर या सोसायटीने छत्रीसुद्धा उघडली नव्हती. मला गहिवरून आलं. मी गारांचे नमुने गोळा करायला स्टीलची वाटी आणि मोजायला फूटपट्टी घेऊन साडेतीनला खाली उतरलो.

उतरल्याबरोबर गर्दी माझ्याभोवती झाली. सगळ्यांच्या माना वर होत्या. त्या आभाळाकडे आहेत असं मला वाटलं. त्या बाल्कन्यांकडे होत्या.

"गुणवंतजी," कौलसाहेब हळू आवाजात म्हणाले (मला ते प्रथमच गुणवंतजी असं टोमण्याशिवाय म्हणत होते), "किस मंज़िल से गिरेगा?"

मी म्हणालो, मंज़िलचा इथे प्रश्नच नाही, पाच-सहा किलोमीटर ऊपर से आता है.

"ऊपर से? मतलब ऊपरवाले भी शामिल हैं?"

"ऊपरवाला तो शामिल है ही, कौलसाहब. उसके बिना कैसे होगा?"

गर्दी एक पाऊल मागे सरकली. तेवढ्यात ठेकेदार भसीन स्कूटरवरून आला, त्याला कोणीतरी फोन केला होता. गाडी स्टँडला न लावताच ओरडायला लागला, की कौन कहता है गिरेगा, एक-चार का मसाला है मेरा, ठोक के देख लो. ठोकायला कोणी पुढे झालं नाही. विजयालक्ष्मीबाईंनी मला विचारलं (दोन वर्षांतलं पहिलं वाक्य), "कितना बड़ा आएगा, जी?"

मी अनुभवाने जास्त सांगत नाही, जे कळलंय तेच सांगतो. म्हणालो, "पक्की खबर सुपारी की है."

"सुपारी!" भसीन किंचाळला. "सुन लिया जी? सबके सामने बोल रहा है! किसने दी मेरे नाम की सुपारी?"

मला वाटलं उन्हाने याच्या डोक्यावर परिणाम झाला. मी त्याला सावलीत बसायला सांगितलं. तो बसला नाही. विजयालक्ष्मीबाईंनी पुढे विचारलं, गिरने के बाद उठाएगा कौन? मी म्हणालो, उठाने की ज़रूरत नहीं माताजी, दस मिनट में अपने आप पानी हो जाता है. त्यावर कौलसाहेब भसीनकडे वळले. गेल्या हिवाळ्यात प्लास्टरच्या बिलावर सही त्यांचीच होती, आणि त्यांचा चेहरा आता त्या बिलाच्या कागदासारखा पांढरा झाला होता.

"पानी हो जाता है! भसीन, तूने सीमेंट डाला था कि बताशे?"

यापुढे काय बोलणं झालं ते सांगता येत नाही, कारण वायव्येकडून पिवळी भिंत उठली आणि आँधी आली. चार वाजायला थोडा अवकाश होता. वीज गेली, दिवस मावळल्यासारखं झालं, तोंडात, कानात, घड्याळात धूळ. कोणाची चादर, कोणाची बादली, मंडळाच्या गणपतीचं जुनं बॅनर, सगळं एका दिशेने चाललं होतं. सगळे डी ब्लॉकच्या जिन्यात शिरले. मी मात्र दोरीच्या बाहेर, मोकळ्यावर, वाटी पुढे धरून उभा राहिलो. मोठे मोठे सात-आठ थेंब पडले. मग नुसता वारा. वाटीत वाळू जमली. गार एकही नाही. राजाभाऊ, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे सोमवारचा भंगारवाला उभा राहिला, आणि त्याच्या गाड्यावर तुमचा पत्ता लिहिलेली फळी.

आणि तेवढ्यात कडाड असा आवाज झाला. सी ब्लॉकच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीचा खालचा थर, चांगला दाराएवढा, एकसंध सुटला आणि खाली येऊन फुटला. विजयालक्ष्मीबाईंची मारुती जिथे बारा महिने उभी असते तिथे. चौकीदाराची खाट त्या बाल्कनीच्या सावलीत जिथे असते त्याच जागी. दोन्ही त्या दिवशी तिथे नव्हत्या. मी उभा होतो तिथपर्यंत एक ढेकूळ घरंगळत आलं.

जिन्यातून कौलसाहेब दोन्ही हात वर करून धावत बाहेर आले. "गिरा! गारा गिरा! चार बजे बोला था, चार बजे गिरा!" त्यांनी मला मिठी मारली, वाटी मध्ये चेपली. लोक टाळ्या वाजवत होते. चौकीदार माझ्या पाया पडला. कोणीतरी मला खांद्यावर घेण्याचा प्रयत्न केला, पण माझं वजन बघता सोडून दिला. आणि मी सगळ्यांच्या पायांमधून जमिनीकडे बघत होतो आणि म्हणत होतो, कहाँ गिरा? एक तो दिखाओ. त्यांनी मला तो ढिगारा दाखवला. मी म्हणालो, वो छोड़ो, गारा कहाँ है? लोक म्हणाले, वाह, क्या आदमी है.

घरी आल्यावर उलगडा वीणाने केला. तुमच्या भाचीला मराठी शब्द थोडे कमी येतात (परवा तिने विळी बघून हे काय म्हणून विचारलं), पण हिंदी तिची आईसारखी, म्हणजे चांगली आहे. ती म्हणाली, "बाबा, गारा म्हणजे तो बिल्डिंगवाला मसाला ना? तुम्ही लिहिलं होतं ना प्लास्टर पडणार म्हणून? कमाल आहे यार बाबा!" मी म्हणालो, प्लास्टर नव्हे गं, गारा, गारा! आभाळातून बर्फाच्या पडतात त्या! ती म्हणाली, "अच्छा! म्हणजे ओले?"

"ओल्या नाहीत. कडक असतात. टणक."

"नाही बाबा, ओले. हिंदीत त्यांना ओलेच म्हणतात."

राजाभाऊ, मी खुर्चीत बसलो (ती मात्र विकतची आहे). तुम्ही समजू शकाल. माणसं इथे म्हणतात ना, सिर मुँडाते ही ओले पड़े? मी बावीस वर्षं समजत होतो, की मुंडण केलं की डोकं ओलं होतं. होतंच. न्हाव्यानंतर आंघोळ करावीच लागते. साधी, स्वच्छतेची म्हण आहे, लोक ती एवढ्या दुःखाने का उच्चारतात ते मला कधी समजलं नव्हतं. ऑफिसात आमच्या सेक्शनमधल्या एकाची बढतीच्या दुसऱ्याच दिवशी बदली झाली, तेव्हा सगळे हेच म्हणाले, आणि मी त्याला टॉवेल देऊ केला होता. आणि आता हेही कळलं, की एप्रिलमध्ये मी फळ्यावर "इस हफ़्ते ऊन बढ़ेगा" असं लिहिलं तेव्हा ई ब्लॉकच्या तीन बायका घरी येऊन किती बढ़ेगा म्हणून का विचारत होत्या, आणि मी दोन-तीन डिग्री म्हणाल्यावर एकमेकींकडे बघत परत का गेल्या. हिंदीत ऊन म्हणजे लोकर. त्या भाव विचारायला आल्या होत्या.

सरलेचा त्रास इथून सुरू झाला. ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. मी तिला विचारलं, तू बावीस वर्षं भाजीवाल्यांशी भांडतेस, तुला हे सगळं येत होतं, मग मला कधी सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?" आणि पुन्हा पदर तोंडात.

आता मुख्य गोष्ट. रविवारी सभा झाली. कौलसाहेबांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला (उन्हाने सुकलेला होता, तरी हार) आणि ठराव मांडला, की गुणवंतजींचं केंद्र गच्चीवरून हलवायचं नाही, टाकी बी ब्लॉकवर न्यायची, आणि त्यांनी दर महिन्याला सर्व बाल्कन्यांचा अंदाज द्यावा. हात वर व्हायला लागले. मी गप्प बसलो असतो तर पेटी वाचली होती. सरलेने रात्री तेच सांगितलं होतं, की पेटी वाचवा, गप्प बसा. पण राजाभाऊ, अंदाज म्हणजे अंदाज. मी गारा सांगितल्या, गारा पडल्या नाहीत. पानिपतला पडल्या, मयूर विहारात नाही. चुकलेल्या अंदाजावर हार घालून घ्यायचा, म्हणजे तापमापक उन्हात ठेवून आकडा वाढवण्यासारखं आहे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मेरा अंदाज़ गलत था."

कौलसाहेब म्हणाले, "आपका यही अंदाज़ तो हमें पसंद है." सभेने टाळ्या वाजवल्या. (अंदाज़ म्हणजे त्यांच्याकडे ढब. हेही मला वीणाने नंतर सांगितलं.) मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं: मराठीत गारा म्हणजे काय, शशिकांतची सुपारी, ओले, सगळं. आधी कोणी विश्वास ठेवेना. मग ठेवला. मग हसायला लागले, आणि ते हसणं घरच्यासारखं नव्हतं. भसीन मागच्या रांगेत बसला होता तो उठून उभा राहिला, की बघा, हा स्वतः कबूल करतो, प्लास्टरबद्दल हा काही बोललाच नव्हता, माझी बदनामी झाली, आणि याचा तो डबा कोणत्याच कामाचा नाही, टाकी बसवा. दोन-चार हात तिकडे वर व्हायला लागले. माझ्या गळ्यात हार तसाच होता, तो काढावा की ठेवावा मला कळेना.

तेव्हा विजयालक्ष्मीबाई उभ्या राहिल्या. त्यांचं हिंदी माझ्याहून वाईट आहे, याचा मला त्या दिवशी फार आधार वाटला. "एक बात बोलो," त्या म्हणाल्या. "गिरा कि नहीं गिरा? मेरा गाड़ी बचा कि नहीं बचा? ये आदमी आकाश देखता है, दीवार गिरता है. तुम भसीन दीवार देखता है, तो भी दीवार गिरता है. डब्बा रहेगा. टंकी बी ब्लॉक." आणि बसल्या. कौलसाहेबांनी घाईने ठराव मंजूर केला, भसीनने सगळ्या बाल्कन्या स्वखर्चाने पुन्हा कराव्यात असा दुसरा ठराव जोडला, आणि माझ्यासाठी एक अट घातली: इथून पुढे फळ्यावर एकही असा शब्द येता कामा नये ज्याचे दोन अर्थ होतील. एकदा जरी तसं झालं तरी भंगारवाला.

तूर्त अशी व्यवस्था आहे, की मी फळा लिहिण्यापूर्वी मजकूर सरलेला वाचून दाखवतो आणि ती दुरुस्त करते. दोन दिवस झाले. काल मी "वारा" लिहिला तर तिने "हवा" केलं, मी "हवा" लिहिली होती तिथे "मौसम" केलं, आणि नंतर त्रास सुरू झाल्याने दुरुस्ती अर्धवट राहिली. हे फार दिवस चालणार नाही. विजयालक्ष्मीबाईंनी कुरड्यांचा डबा पाठवला आहे. वातकुक्कुटाची सावली मी एक हात सरकवली आहे.

उन्हाळा अजून आहे. आजचा अंदाज: लू, दुपारी धूळ, रात्री थोडा आराम. तुमच्याकडे ढग दिसायला लागले की एक कार्ड टाका, दिशा आणि वेळ लिहून. वहिनींना आणि मुलांना माझी आठवण सांगा, आणि गुडघ्याला शेक द्या, पण उन्हात बसून नको.

तुमचा,
गुणवंत

ता. क. हे पत्र सरलेने वाचलेलं नाही; पाकीट मी स्वतः केलेल्या खळीने चिकटवणार आहे, ती निघत नाही. यंदा आंब्यांची पेटी आली नाही तरी चालेल, हंगाम संपलाच असेल. पण पेटी पाठवा. आमसुलं, कुळथाचं पीठ वगैरे काय असेल ते वर, आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून, एक मराठी-हिंदी शब्दकोश. जेवढा जाड मिळेल तेवढा. एस.टी. स्टँडवर परत पिशवीत घातलेली ती तीन पुस्तकं अजून असतील तर तीही. पेटीवर "नाजूक" असं लिहू नका, सरला आधी तीच उघडते. कोणी विचारलंच तर वीणाला हवा होता म्हणा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच दारावरची घंटा दोन्ही सुरांत वाजली. भसीन होता. बाल्कन्यांचं काम पुन्हा केल्याचं तो सांगत होता (नुसता चुना फासला आहे, मी जाऊन नखाने खरवडून पाहिलं), आणि त्याला फळ्यावर माझ्या सहीने एक ओळ हवी होती: "सी ब्लॉक में अब गारा नहीं गिरेगा." राजाभाऊ, ही ओळ मराठी डोळ्यांनी वाचा. तिच्यात काडीची खोट नाही. पावसाळा तोंडावर आला, आता गारा कुठल्या? शपथेवर लिहिता आली असती. तोही तेच म्हणाला, आप तो अपनी मराठी में लिखना जी, पढ़ने वाला जो समझे. मी त्याला सांगितलं, भसीनजी, बोर्ड मैं हिंदी में लिखता हूँ. चहा मात्र दिला. नाकारलेली रक्कम बारा हजार रुपये आणि एक नवा कूलर.